टेबल खाली येऊ द्या, डॉक्टर

पुण्यातल्या समस्त स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

अपंगांच्या तक्रारी या शहरात साधारणपणे महापालिकेच्या नावे लिहिल्या जातात. फुटपाथ गुडघाभर उंच केला, स्वच्छतागृहाला कुलूप घातलं, की पत्र तिकडे. तसली पत्रं मीही लिहिली आहेत. हे मात्र मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती महापालिका विकत घेत नाही, तुम्ही घेता. तुमच्या खोलीतलं, पडद्यामागचं तपासणीचं टेबल.

माझी ओळख थोडक्यात. लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी सगळं केलं. आता पन्नाशी ओलांडली आहे आणि व्हीलचेअर वापरते. राहते कोथरूडला. या पत्रात कुणाचं नाव घेणार नाही. वाईट अनुभवांची नावं घेतली तर चांगल्या डॉक्टरांचीही घ्यावी लागतील, आणि मग त्यांच्याकडे आमचीच रांग लागेल.

तर टेबल. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण १८ ते २० इंचांवर असते. तुमचं नेहमीचं टेबल असतं ३० ते ३२ इंचांचं. मधला हा फूटभर ज्या बाईला छोट्या स्टुलावर पाय ठेवून चढता येतं, तिच्या लक्षातही येत नाही. मला चढता येत नाही. मग हाक जाते, "मामांना बोलवा." दोन मामा, म्हणजे दवाखान्यातले वॉर्डबॉय, येतात. एक काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली, आणि नाडी आधीच सैल केलेली बाई हवेत उचलली जाते. मामा भले असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण माणूस कसा उचलायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. वर्षानुवर्षं ज्या पायावर भार पडलेला नाही त्याचं हाड ठिसूळ असतं, पाळी गेल्यावर तर आणखीच. अशा पायाला जरा वेडावाकडा पीळ बसला तरी मांडीचं हाड मोडू शकतं. मणक्याला इजा झालेल्या बाईला पायात संवेदनाच नसते. तिला हे तेव्हा कळतही नाही, घरी गेल्यावर पाय सुजला की कळतं.

पण मामांना बोलावण्याची वेळही क्वचितच येते. बहुतेकदा तपासणीच टळते. "राहू दे, उगाच त्रास नको तुम्हाला. सोनोग्राफी करून घेऊ." हे इतक्या मायेनं म्हटलं जातं की आपण आभार मानून बाहेर पडतो. गर्भाशयाच्या मुखावर होणारे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. स्तनातली गाठ हातानं चाचपायला तर टेबलही लागत नाही, खुर्चीत बसल्या बसल्या काम होतं. तरी तेही राहतं. मला विचाराल तर मायेनं टाळलेली तपासणी ही नाकारलेल्या तपासणीपेक्षा वाईट. नाकारली तर निदान भांडता येतं.

वजनाचंही तसंच. केसपेपरवर वजनाचा रकाना असतो आणि मला सांगितलं जातं, "अंदाजे सांगा." औषधाचा डोस, भुलीचं प्रमाण, हाडांचा हिशेब, सगळं त्या अंदाजावर. मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्याचं वजन होतं, शहरातल्या दवाखान्यात माझं होत नाही. सपाट काटा असला की व्हीलचेअरसकट वजन घ्यायचं, मग रिकामी व्हीलचेअर ठेवून तेवढं वजा करायचं. तिसरीतलं गणित आहे.

आता सोनोग्राफी. "भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी रोखून धरा." अपंग बाईसाठी या सूचनेचा अर्थ काय होतो याचा विचार तुमच्यापैकी कितीजणांनी केला असेल, मला शंका आहे. आम्ही घराबाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाही. ऑफिसात, लग्नात, प्रवासात, कुठेच जाता येईल असं टॉयलेट नसतं, म्हणून लावून घेतलेली ही सवय. वारंवार होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनमध्ये तिचाही वाटा असतो. त्यात तुम्ही लिटरभर पाणी प्यायला लावता, नंबर तासभर लांबतो, आणि तपासणी संपल्यावर कळतं की तुमचं टॉयलेट दोन पायऱ्या चढून, भारतीय पद्धतीचं, दार दोन फुटांचं. एका मैत्रिणीनं याच कारणासाठी फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीची, सोनोग्राफी वर्षभर पुढे ढकलली. डॉक्टर तिला निष्काळजी म्हणाले.

पाय रिकिबीत अडकवून, कंबर टेबलाच्या कडेला आणून तपासणं ही तुमच्या सोयीची पद्धत आहे. ती एकमेव नाही. कुशीवर वळवून, वरचा पाय सहायिकेनं धरला तरी स्पेक्युलम, म्हणजे आतून बघायचं ते साधन, घालता येतो. पाठीवर झोपून तळवे एकमेकांना जुळवून गुडघे बाहेर सोडले तरी येतो, फक्त स्पेक्युलमची मूठ वरच्या बाजूला ठेवावी लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाईचे पाय थंड धातू लागला की ताठ होतात. ती सहकार्य करत नाही असा त्याचा अर्थ नसतो. पाय ओढून फाकवले तर आणखी आखडतात. हात ठेवून थांबलं तर थोड्या वेळानं सैल होतात. कोणत्या अवस्थेत पाय दुखत नाहीत हे तिला चांगलं ठाऊक असतं. तिला विचारा.

एक गोष्ट मात्र विचारून भागणार नाही, तुम्हाला माहीत असलीच पाहिजे. ज्यांच्या मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा झालेली आहे, अशा बायकांना तपासणीच्या वेळी ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. भरलेलं मूत्राशय, तुंबलेला कॅथेटर, बद्धकोष्ठ, स्पेक्युलमचा दाब, प्रसूतीच्या कळा, यांतलं काहीही निमित्त पुरतं. इजेच्या खालच्या भागाकडून आलेला इशारा मेंदूपर्यंत पोचत नाही, पण रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब एकदम चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, नाडी मंदावते. अशा वेळी तपासणी तिथेच थांबवायची, बाईला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, मूत्राशय मोकळं करायचं, रक्तदाब मोजत राहायचं. घाबरली आहे, टेन्शन घेतलंय, असं म्हणून तिला आडवी ठेवली तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात तर हे प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार, समजून भलतीकडेच नेलं जाण्याची भीती असते. मणक्याच्या इजेनंतर पाळी बऱ्याचदा काही महिने बंद पडते आणि पुन्हा सुरू होते, मूल होण्याची क्षमता सहसा जात नाही. म्हणजे अशा बायका तुमच्याकडे येणारच. ओळखीतली अशी एकजण गरोदर राहिली तेव्हा तिचं अभिनंदन कुणी केलं नाही, "कशाला ही रिस्क?" एवढंच विचारलं गेलं. मुलगी आता शाळेत जाते.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लग्न झालंय का?" या प्रश्नाच्या आडून तुम्हाला दुसरंच विचारायचं असतं, हे सगळ्या बायकांना कळतं. आमच्या बाबतीत तोही विचारला जात नाही. व्हीलचेअर बघून केसपेपरवर "अनमॅरीड" लिहून मोकळं होतात. एकदा लिहिलं, की आतली तपासणी नाही, गर्भनिरोधनाची चर्चा नाही, लैंगिक आजारांचा विचार नाही. रक्तस्राव जास्त होतो म्हणून गोळ्या मात्र लिहून दिल्या जातात. ज्या बाईचे पाय हलत नाहीत तिला इस्ट्रोजेन असलेल्या गोळीनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक, आणि दर तीन महिन्यांच्या इंजेक्शननं आधीच विरळ झालेलं हाड आणखी विरळ होऊ शकतं. हे सगळं बोलायला पेशंटशी बोलावं लागतं. तुम्ही बोलता सोबत आलेल्या व्यक्तीशी. "यांना काय होतंय?" माझ्या भाचीला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा ती म्हणाली, "मला काय माहीत, त्यांनाच विचारा." भाचीचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मग ती जुनी सूचना येते. "पिशवी काढून टाकू. तुम्हाला तसाही काय उपयोग?"

या वाक्याला पुण्यात इतिहास आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुली आणि बायकांना ससूनमध्ये आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता जमत नाही, हे कारण होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तुमच्यातल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील, तरुणांना बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. त्या मुलींना पाण्याची, कपड्याची आणि शिकवणाऱ्या बाईची गरज होती. मिळालं ऑपरेशन. आज अशी घाऊक शस्त्रक्रिया होणार नाही हे मला मान्य आहे. पण एकेकटीच्या बाबतीत, आईवडील थकले आहेत, मुलीला समज नाही, दर महिन्याला कोण बघणार, अशा बोलण्यातून तोच निर्णय अजून घेतला जातो. थकलेल्या आईला मी दोष देणार नाही. तिच्यासमोर बसलेल्या डॉक्टरनं दुसरा मार्ग सुचवायला हवा, एवढंच म्हणते. पाळीची तयारी टप्प्याटप्प्यानं, चित्रं दाखवून, बाहुलीवर करून, महिनोन्महिने शिकवता येते. बऱ्याच मुली शिकतात. विशेष शाळांमधल्या बाई हे रोज करतात, त्यांना एकदा भेटा.

कायदाही आता गप्प नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १० प्रमाणे मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. अपंग बाईचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीविना केला, तर तीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडता, कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तीव्र अपंगत्वातही डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती लागते. कलम २५ रुग्णालयांबद्दल बोलतं तेव्हा सरकारीबरोबर खासगीही म्हणतं, आणि अपंग स्त्रियांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याचा वेगळा उल्लेख करतं. त्याआधी २००९ मध्ये चंदीगडच्या एका संस्थेतल्या मतिमंद मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिची संमती नसताना गर्भपात करायला नकार दिला होता. कलमांची धमकी देत नाही. पण तुमच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद टांगलेली असते आणि तिच्याखालचं टेबल ३२ इंचांचं असतं, तेव्हा हसू येतं.

कॅन्सरबद्दल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची देशातली पहिली स्वदेशी लस, सर्व्हाव्हॅक, आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली. २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. तुम्ही ती ९ ते २६ वयातल्या मुलींना देता, सोसायट्यांमध्ये शिबिरं घेता. विशेष शाळांमध्ये किती घेतली? "त्यांना कशाला, त्यांचं काय लग्न होणार आहे," असं माझ्यासमोर बोललं गेलं आहे. अशा मुलींवर अत्याचाराचा धोका जास्त असतो हे माहीत असूनही. तिशीनंतरच्या तपासणीसाठी एक सोपी वाटही आहे. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी बाई स्वतः स्वॅब घेऊन करू शकते, जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिलेली आहे. टेबल नको, मामा नको, रिकिबी नकोत. ज्या बाईला टेबलावर नेणं खरोखरच अवघड आहे तिला तुम्ही हे सांगत का नाही? मॅमोग्राफीच्या मशीनचंही तसंच. बसलेल्या बाईच्या छातीपर्यंत खाली येणारी यंत्रं असतात. यंत्र खाली येतं का, हे सेंटरला फोन करून विचारायचं काम तुमच्या रिसेप्शनिस्टचं असावं. आज ते पेशंटचं आहे, आणि पलीकडून उत्तर येतं, "या तुम्ही, बघू."

हे "बघू" फार महागात पडतं. "लिफ्ट आहे का?" "आहे ना!" पोचल्यावर दिसतं की लिफ्टच्या आधी चार पायऱ्या आहेत. कर्वे रस्त्यापासून सदाशिव पेठेपर्यंत, तळमजल्यावर दुकानं आणि वर दवाखाने अशा इमारतींत हे नेहमीचं. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलेलं असतं, रजा घेतलेली असते, आणि आम्ही खालूनच परत फिरतो. सगळ्या इमारती पाडून बांधा असं कोण म्हणतंय? पायऱ्या किती, लिफ्टचं दार किती इंचांचं, टॉयलेट कसलं, टेबल किती खाली येतं, एवढं खरं खरं फोनवर सांगा. "आमच्याकडे जमणार नाही, अमुक ठिकाणी जमेल," हेही उत्तर चालतं.

मी व्हीलचेअरबद्दल जास्त बोलते कारण मी तिच्यात बसते. मूकबधिर बाईला मास्क लावून, केसपेपरकडे बघत प्रश्न विचारले तर तिला काय कळणार? तिच्यासाठी सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती लागते, आणि ती व्यक्ती तिची सासू नसावी. दृष्टिहीन बाईला हात लावण्याआधी आता काय करणार हे बोलून सांगा. या मैत्रिणी स्वतः माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

पोलिओबद्दल थोडं, कारण तुमच्यातले तरुण डॉक्टर पोलिओचा पेशंट बघून गोंधळतात. देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, आम्ही अजून आहोत. आमच्या पिढीच्या बायका आता नेमक्या पाळी जाण्याच्या वयात किंवा तिच्या पुढे आहेत. आणि याच सुमारास, मूळ आजारानंतर कितीतरी वर्षांनी, काहींना पोस्ट-पोलिओ सिंड्रोम गाठतो. चांगले राहिलेले स्नायूही दमू लागतात, थंडी सोसत नाही, झोप बिघडते. अंगाची आग, थकवा, झोप नसणं, हे मेनोपॉजमुळे की पोलिओमुळे? दोन्ही असू शकतं. पण अस्थिरोगवाला म्हणतो गायनॅककडे जा, आणि गायनॅक म्हणते हे तुमच्या पोलिओचं आहे. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर भूलतज्ज्ञाला आधी भेटू द्या. आमच्यापैकी अनेकींचा कणा वाकडा आहे, श्वासाचे स्नायू दुबळे आहेत, आणि झोपेची व स्नायू सैल करणारी औषधं आम्हाला अपेक्षेपेक्षा जास्त लागू पडू शकतात. ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉलीवर ही माहिती देण्याची पाळी येऊ नये.

तुम्ही म्हणाल, या बाई फार मागतात. मी आजारी नाही, डॉक्टर. पोलिओ झाला तो झाला, तो बरा करा असं मी कुणाला सांगत नाही. संध्याकाळी व्हीलचेअर घेऊन वनाजला मेट्रोत चढते, मैत्रिणींना भेटते, नाटक बघते, भाचीशी भांडते. पुढची पंचवीस वर्षंही अशीच जावीत असं वाटतं. त्यासाठी हाडं शाबूत हवीत, मूत्रपिंडं शाबूत हवीत, आणि कुठे गाठ आलीच तर ती वाटाण्याएवढी असताना कळायला हवी. यात खास असं काय आहे? तुमची प्रत्येक पेशंट हेच मागते.

या शहराला अपंगत्वाची ओळख नाही असंही नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून. जखमी जवानांसाठी उभं राहिलेलं हे ज्ञान इथून काही किलोमीटरवर आहे. माणसाला इजा न करता कसं उचलायचं, मूत्राशय कसं सांभाळायचं, कातडीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे तिथल्या लोकांना येतं. तुमच्या मावशींना आणि मामांना एक दिवस शिकवून घ्या.

टेबल घेताना एक लक्षात ठेवा. विक्रेता "मोटराइज्ड आहे मॅडम" म्हणाला की लगेच चेक फाडू नका. मोटर असलेली बरीच टेबलं वर जातात, पुरेशी खाली येत नाहीत. कमीत कमी उंची विचारा, इंचांत. १९ च्या वर असली तर आमच्या उपयोगाची नाही. त्याच टेबलावर आठ महिन्यांची गरोदर बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी आणि सिझेरियनचे टाके ओले असलेली पोरही सहज बसेल, त्यामुळे पैसे वाया गेले असं होणार नाही. दवाखान्यांमध्ये लेझरची यंत्रं येतात आणि त्यांच्या जाहिराती रस्त्यारस्त्यावर लागतात, म्हणजे पैशाचा प्रश्न सगळ्यांनाच नाही. ज्यांना आहे त्या चार-पाच डॉक्टरांनी मिळून एका ठिकाणी घ्यावं आणि आम्हाला तिथे पाठवावं.

तुमच्या संघटनेच्या सभा होतात, नव्या औषधांवर व्याख्यानं होतात. त्यातला एक तास आम्हाला द्या. आम्ही चार-पाचजणी येऊ, बसायचं कसं, वळायचं कसं, कुशीवर कसं झोपायचं ते करून दाखवू, तुमचे प्रश्न ऐकू, संकोच वाटणारेसुद्धा. मानधन नको, चहा चालेल. हॉल तेवढा तळमजल्यावरचा बघा, आणि टॉयलेटचं दार आधी मोजून ठेवा.

आपली,
कोथरूडची एक पेशंट